चिठ्ठीत निघालेली शाळा

नकाशावर एक लाल फुगा असतो. तो ओढत आणून बरोबर आपल्या घरावर सोडायचा. महाराष्ट्रात आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखाली खाजगी शाळेतल्या मोफत जागेचा, ऑनलाइन अर्ज भरलेल्या पालकांना हा फुगा चांगलाच ठाऊक आहे. घर कुठे आहे ते त्यावरून ठरतं, घरापासून शाळा किती लांब तेही त्यावरून मोजलं जातं. एक किलोमीटरच्या आतली मुलं आधी, पुढची नंतर. नेट कॅफेवाल्याच्या घाईत फुगा दोन गल्ल्या पलीकडे पडला, तर लॉटरीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश अडकतो. म्हणून आई स्क्रीनवर वाकून सांगत असते, "अजून थोडं डावीकडे घ्या दादा, ते मारुतीचं देऊळ दिसतंय ना, त्याच्या मागे." जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा, जातीचा दाखला किंवा तहसीलदाराकडचा १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आणि पसंतीच्या जास्तीत जास्त १० शाळा. एवढं झालं की वाट पाहायची. मग एक दिवस सोडत निघते आणि मोबाइलवर मेसेज येतो. किंवा येत नाही.

गरिबाच्या मुलाला खाजगी शाळेत बसवायचं आणि त्याची फी सरकारने भरायची, ही कल्पना ऐकायला सरळ आहे. तिच्यावरचं राजकारण मात्र सरळ नाही. या प्रश्नावर उजवे आणि डावे नेहमीच्या जागी सापडत नाहीत. एरवी सरकारी खर्चाच्या नावाने बोटं मोडणारे इथे सरकारी पैसा मागतात, आणि गरिबांची बाजू घेणारे पुष्कळदा विरोधात उभे असतात. शाळेच्या आवारात भांडणारे हे सगळे लोक 'गरीब मूल' हेच शब्द वापरतात. म्हणून कोण काय म्हणतं यापेक्षा ते मूल शेवटी कुठे पोचलं, हे पाहायला हवं. त्यासाठी आधी अमेरिकेत जाऊ. हा वाद तिथे फार जुना आहे, आणि त्याचा बराचसा निकालही तिथे लागला आहे.

एका कल्पनेचे दोन बाप

१९५५ साली मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं : मुलांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने करावा हे ठीक, पण म्हणून शाळाही सरकारनेच चालवली पाहिजे असं नाही. पालकाच्या हातात ठरावीक रकमेचं व्हाउचर द्यावं, तो हवी ती शाळा निवडेल, आणि गिऱ्हाईक टिकवायचं म्हणून शाळा आपोआप सुधारतील. यात गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. व्हाउचर सगळ्यांना होतं.

त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेत याच कल्पनेचा एक काळा अवतार जन्माला आला. काळ्या-गोऱ्या मुलांना वेगवेगळ्या शाळांत बसवणं घटनाबाह्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला होता. व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने त्यावर तोड काढली. १९५९ साली तिने आपल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप घातलं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली आणि तिच्या फीला सरकारी अनुदानाचा टेकू मिळाला. काळ्या मुलांसाठी काहीच नव्हतं. १९६४ साली न्यायालयाने दणका देईपर्यंत, म्हणजे तब्बल पाच वर्षं, ती मुलं घरी बसली, नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी गेली, किंवा शाळेला कायमची मुकली. 'पालकांची निवड' हे शब्द कानावर पडले की अमेरिकेतल्या नागरी हक्क संघटनांच्या कपाळावर आठी का पडते, ते या पाच वर्षांत कळतं.

मिलवॉकीच्या पॉलीबाई

त्यामुळे १९९० साली व्हाउचरची गरिबांसाठीची पहिली मोठी योजना एका काळ्या स्त्रीने आणली, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. अ‍ॅनेट 'पॉली' विल्यम्स या विस्कॉन्सिन राज्याच्या विधिमंडळातल्या डेमोक्रॅट सदस्य. त्याच राज्यातल्या मिलवॉकी शहरात वाढलेल्या, एकटीने मुलं वाढवलेल्या, काही काळ सरकारी मदतीवर घर चालवलेल्या. नागरी हक्क चळवळीतले काळे नेते जेसी जॅक्सन अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या राज्यातल्या प्रचाराची धुरा याच बाईंकडे होती. म्हणजे उजव्या विचारांचा वाराही न लागलेली बाई.

त्यांचा राग मिलवॉकीच्या शाळाव्यवस्थेवर होता. वर्णभेद मिटवायचा म्हणून काळ्या वस्तीतली मुलं बसमध्ये भरून शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवली जात. प्रवासाचा सगळा त्रास काळ्या मुलांनी सोसायचा आणि हाती मात्र काही लागायचं नाही. त्याच वस्तीत लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या छोट्या खाजगी शाळा होत्या, तिथे मुलं शिकत होती, पण फी परवडत नव्हती. ती फी सरकारने भरावी, एवढंच पॉलीबाईंचं मागणं. स्वतःच्या पक्षातले बरेच लोक आणि शिक्षक संघटना विरोधात गेल्या. पाठीशी उभा राहिला तो रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्प्सन. फ्रीडमनला मानणारे लोक आणि मिलवॉकीतल्या काळ्या आया अशी विचित्र मोट बांधली गेली आणि कायदा झाला.

सुरुवात अगदी लहान होती : ७ शाळा, साडेतीनशेहून कमी मुलं, दर मुलामागे वर्षाला सुमारे २,५०० डॉलर. अटी मात्र कडक होत्या. घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या पावणेदोन पटीच्या आत हवं. शहराच्या सरकारी शाळांतल्या पटाच्या १ टक्क्याहून जास्त मुलं घ्यायची नाहीत. अर्ज जास्त आले तर शाळेने मुलं निवडायची नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या. चर्चच्या शाळा योजनेबाहेर.

या अटी म्हणजेच खरी योजना होती. पुढची ३० वर्षं त्या एकेक करून कशा गळत गेल्या, हाच या वादाचा इतिहास आहे.

१९९५ साली चर्चच्या शाळांना दार उघडलं. करदात्यांचा पैसा धर्मसंस्थेच्या शाळेत जावा का, हा अमेरिकेत फार नाजूक प्रश्न. क्लीव्हलंड शहराच्या अशाच योजनेवरून तो सर्वोच्च न्यायालयात पोचला. तिथल्या शिष्यवृत्तीधारक मुलांपैकी ९६ टक्के धार्मिक शाळांत जात होती. २००२ साली न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या बहुमताने योजना वैध ठरवली : सरकार पैसा पालकाला देतं, चर्चला नाही, पालक तो कुठे नेतो हा त्याचा प्रश्न. या एका वाक्याच्या आधाराने पुढे अनेक राज्यांत योजना निघाल्या.

राजधानीतली दोन पत्रं

त्यातली सर्वांत गाजलेली योजना वॉशिंग्टन शहराची. हे शहर कोणत्याही राज्यात नाही. त्याच्या कारभारावर थेट संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा अधिकार चालतो, पण तिथल्या प्रतिनिधीला सभागृहात अंतिम मतदानाचा हक्क नाही. त्यामुळे देशाला आपापलं शैक्षणिक धोरण दाखवायचं असेल, तर दोन्ही पक्षांना हे हाताशी असलेलं मैदान होतं.

२००३ साली प्रतिनिधिगृहात ही योजना २०९ विरुद्ध २०८, म्हणजे एका मताने तरली. शहराचे डेमोक्रॅट महापौर अँथनी विल्यम्स बाजूने होते, तर शहराच्या प्रतिनिधी एलनॉर होम्स नॉर्टन ठाम विरोधात. विल्यम्स यांचा हिशेब व्यवहारी होता. केंद्राकडून पैसा तीन वाटांनी येणार होता : एक वाटा सरकारी शाळांना, एक सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळांना, आणि एक शिष्यवृत्त्यांना. नॉर्टन यांचा आक्षेप तत्त्वाचा होता : शहराने मागितलेलं नाही, ते काँग्रेसने लादू नये. २००४ साली योजना सुरू झाली. दर मुलामागे ७,५०० डॉलरपर्यंत, अर्ज जास्त आले की सोडत.

७,५०० डॉलरमध्ये राजधानीतल्या नावाजलेल्या शाळांची निम्मी फीही भरत नसे. त्यामुळे बहुतेक मुलं वस्तीजवळच्या कॅथलिक शाळांत गेली. काही मोजकी मात्र वरच्या शाळांतही पोचली. बराक ओबामांच्या मुली ज्या सिडवेल फ्रेंड्स शाळेत जात, तिथेही शिष्यवृत्तीवरची दोन मुलं होती. नेमकं हेच पुढे ओबामांच्या विरोधकांच्या हातातलं कोलीत झालं.

२००९ साली डेमोक्रॅटिक बहुमताच्या काँग्रेसने कायद्यात कलम घातलं : २००९-१० नंतर फेरमंजुरी मिळाल्याशिवाय योजनेला पैसा नाही. तोवर २१६ मुलांच्या घरी शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र पोचलं होतं. शिक्षणमंत्री आर्नी डंकन यांच्या खात्याने दुसरं पत्र पाठवून ती मागे घेतली. आधीपासून शिकणाऱ्या मुलांना बारावीपर्यंत पुढे जाऊ द्यावं, असं ओबामांनी मग सुचवलं. नव्यांसाठी दार बंदच राहिलं. ज्या पक्षाला शहरातली गरीब काळी माणसं डोळे मिटून मतं देत, त्याच पक्षाविरुद्ध त्या माणसांची मुलं रस्त्यावर उतरली. २०११ साली अर्थसंकल्पाच्या वाटाघाटींत प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती जॉन बेनर यांनी योजना हट्टाने परत आणली. सरकार ठप्प होऊ द्यायचं नसेल तर ज्या गोष्टी मान्य कराव्या लागणार होत्या, त्यात ही एक होती. मुलांची शाळा ही देशाच्या अर्थसंकल्पाच्या सौद्यातली एक सोंगटी झाली.

मुलं शिकली का?

चिठ्ठ्या टाकण्याचा एक अनपेक्षित फायदा असतो. चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली मुलं बाकी सगळ्या बाबतींत सारखीच असतात. त्यामुळे पुढे दोघांत जो फरक पडेल, तो शिष्यवृत्तीचा म्हणता येतो. वॉशिंग्टनमध्ये तसा अभ्यास कायद्यानेच सक्तीचा केला होता.

२०१० चा अंतिम अहवाल दोन्ही बाजूंना पुरता खूश करणारा नव्हता. वाचन-गणितातल्या गुणांवर ठाम परिणाम दिसला नाही. पण चिठ्ठी निघालेल्या मुलांपैकी ८२ टक्के बारावी पूर्ण करून बाहेर पडली, न निघालेल्यांपैकी ७० टक्के. आपलं मूल सुरक्षित जागी आहे, ही पालकांची भावनाही वाढली होती. पुढच्या फेरीच्या अभ्यासात पहिल्या वर्षी गणिताचे गुण चक्क घसरलेले दिसले, तिसऱ्या वर्षापर्यंत तो फरक उरला नाही. लुइझियाना राज्यातल्या योजनेत मात्र गणिताची घसरण मोठी होती. ज्या शाळांचे वर्ग रिकामे, त्याच योजनेत उत्साहाने आल्या, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

म्हणजे खाजगी शाळेत जादूची कांडी नसते. गुण वाढतील हे आश्वासन फोल ठरलं. शाळा न सोडता टिकून राहणं आणि जिवाची भीती नसणं, हे मात्र मिळालं. एखाद्या आईला विचारलं तर ती कदाचित म्हणेल, मला तेच तर हवं होतं.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा चिठ्ठी न निघालेल्यांचा आहे. सरकारी शाळेतून ३० मुलं गेली, तर त्यांच्यामागचा पैसा जातो. पण छप्पर तेवढंच राहतं, शिपाई तेवढाच, शिक्षक तेवढेच. आणि जातात ती मुलं कोणाची? ज्यांचे आईबाप अर्ज भरतात, रांगेत उभे राहतात, शाळेत येऊन जाब विचारतात, त्यांची. मागे उरते ती ओरडणारा पालक गमावलेली शाळा. समर्थकांचं उत्तरही तितकंच टोकदार आहे : श्रीमंत माणूस चांगल्या वस्तीत घर घेऊन केव्हाच निघून गेला, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. शाळा सुधारेपर्यंत थांबा, हे फक्त गरिबालाच का सांगता? मूल तर तोवर मोठं होऊन जातं.

दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण दोन्ही उभे आहेत एका गृहीतावर : योजना गरिबांसाठीच राहील.

ती राहिली नाही. २०११ साली विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी मिलवॉकीतली उत्पन्नाची अटच काढून टाकायचा प्रस्ताव आणला. या योजनेसाठी आयुष्य वेचलेले काळे शिक्षणतज्ज्ञ हॉवर्ड फुलर त्याविरुद्ध उभे राहिले. अट पुरती गेली नाही, पण दारिद्र्यरेषेच्या तिपटीपर्यंत सैल झाली आणि मुलांच्या संख्येवरची मर्यादा उठली. उत्पन्नाची अट काढू नका, हे पॉलीबाई त्याच्याही कितीतरी आधीपासून सांगत होत्या. योजना उभी करताना ज्यांना आपण हव्या होतो, त्यांना आता आपली गरज उरलेली नाही, हे त्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं. २०१४ साली त्या वारल्या. २०२२ साली अ‍ॅरिझोनाने राज्यातल्या प्रत्येक मुलाला, करोडपतीच्या मुलालाही, खाजगी शिक्षणासाठी सरकारी पैसा खुला केला. पहिल्या लाटेतल्या अर्जदारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलं आधीपासूनच सरकारी शाळेत नव्हती. त्यांची फी आईबाप भरत होते, ती आता सरकार भरू लागलं. मिलवॉकीच्या काळ्या आयांनी ढकलून उघडलेल्या दारातून शेवटी गाडीवाले आत गेले. फ्रीडमनला १९५५ साली हवं होतं, ते असं झालं.

आपल्याकडचा उलटा खेळ

आता परत फुग्याकडे येऊ. खाजगी शाळेला सरकारी पैसा, याचं मराठी माणसाला नवल नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून 'अनुदान' हा शब्द आपल्या शाळांच्या रक्तात आहे. गावोगावच्या माध्यमिक शाळा संस्थांच्या, आणि पगार सरकारचा. त्यातला धोकाही इथे लवकर ओळखला गेला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी बजावलं होतं की, रयतेच्या कष्टातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, आणि सरकारने शाळांतून अंग काढून घेतलं तर नुकसान रयतेचं होईल. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, हीही मागणी त्यात होती.

ती सक्ती देशभर यायला १२८ वर्षं लागली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, म्हणजेच आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १२(१)(ग) सांगतं : विनाअनुदानित खाजगी शाळेने प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना मोफत द्यायच्या आणि आठवीपर्यंत शिकवायचं. सरकारी शाळेत एका मुलावर जेवढा खर्च होतो तेवढा, किंवा शाळेची फी, यांतली कमी असेल ती रक्कम सरकार शाळेला देईल.

वरवर ही अमेरिकी योजनाच वाटते, पण खेळ उलटा आहे. तिथे शाळा राजीखुशीने योजनेत येते, इथे कायद्याने यावंच लागतं. तिथे गरीब मुलाला वाईट शाळेतून बाहेर काढण्यावर भर, इथे डॉक्टरच्या आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाने एका बाकावर बसावं ही इच्छा. त्यामुळे भांडणाऱ्यांच्या जागाही बदलल्या. इथे योजनेच्या मागे उभे राहिले ते शिक्षणहक्काचे कार्यकर्ते, आणि कोर्टात गेले शाळाचालक. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने २ विरुद्ध १ मताने कलम वैध ठरवलं. २०१४ च्या घटनापीठाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या. शहरांतल्या कितीतरी मागणीच्या कॉन्व्हेंट शाळा या यादीत दिसत नाहीत, त्याचं कारण हे.

खाजगी शाळांची तक्रार पैशाची आहे, आणि ती खोटी नाही. महाराष्ट्रात प्रतिपूर्तीचा दर कैक वर्षं एका मुलामागे १७,६७० रुपये होता. कोविडच्या काळात शाळा बंद म्हणून तो ८,००० वर आणला गेला. ही रक्कमही वेळेवर येत नाही; थकबाकी शेकडो कोटींत जाते. तिकडचा डॉलर मुलाबरोबर चालतो, इकडचा रुपया मुलाच्या मागून रखडत येतो. मग काही शाळा त्याचा राग मुलावर काढतात : सहलीचे पैसे, गॅदरिंगचे पैसे, 'अ‍ॅक्टिव्हिटी'चे पैसे. "आरटीईवाली मुलं" असा शब्द शिक्षकांच्या खोलीत रूढ होतो आणि तिथून वर्गात उतरतो.

तरीही पालक येत राहिले. २०२३-२४ साठी १ लाखाच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले साडेतीन लाखांहून अधिक. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला : ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांची सक्ती नाही. सरकारी बाजूचा तर्क ऐकायला वाजवी होता. शेजारी आपलीच शाळा ओस पडली असताना दुसऱ्याला पैसे का मोजायचे? अमेरिकेतल्या शिक्षक संघटना नेमकं हेच तर विचारतात. फरक एवढाच की, त्या आपल्या शाळांसाठी पैसा मागत होत्या, इथे पैसा वाचवायचा होता.

परिणाम पाहण्यासारखा झाला. पोर्टलवर शाळांची संख्या ७६ हजारांवर गेली, जागा ८ लाख ८६ हजार झाल्या. आकडे वाचून वाटावं की दिवाळी आली. पण त्या जागा बहुतेक जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांत होत्या, जिथे कोणतंही मूल केव्हाही फुकट जाऊ शकतं. जे आधीच हक्काचं आहे, त्यात २५ टक्के राखीव ठेवणं म्हणजे सार्वजनिक नळाला आरक्षण देण्यासारखं. पालकांनी ते बरोबर ओळखलं. मे महिन्यापर्यंत अर्ज आले ते ७० हजारांच्या आतबाहेर.

६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्दच केला : मूळ कायदा जे देतो, ते नियम काढून घेऊ शकत नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. स्थगितीनंतर जुन्या नियमाने पोर्टल पुन्हा उघडलं, तेव्हा १ लाख ५ हजार जागांसाठी २ लाख ४० हजारांहून अधिक अर्ज आले. निवडणूक आयोगाने घेतलं नसलं, तरी हे एक मतदानच होतं.

बाकावरचा धडा

आपल्याकडेही चिठ्ठ्यांवर आधारलेला मोलाचा अभ्यास झाला आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातल्या १८० गावांत व्हाउचरची सोडत काढून मुलांचा माग ठेवला. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात खाजगी व सरकारी शाळेतली मुलं सारखीच निघाली. हिंदीत खाजगीतली पुढे. पण खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहून कमी होता. समर्थक म्हणतात, तेवढंच शिक्षण स्वस्तात मिळालं. विरोधक म्हणतात, स्वस्त पडलं कारण शिक्षकाला तुटपुंजा पगार दिला. आकडा एकच, वाचणारे दोन.

दुसरा अभ्यास गौतम राव यांचा, दिल्लीतल्या उच्चभ्रू शाळांचा. तिथे गरीब मुलांना जागा द्यायला लागल्यावर श्रीमंत मुलांचं काय झालं, हे त्यांनी तपासलं. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं अधिक उदार झाली, संघ निवडताना गरीब मुलाला डावलण्याचं त्यांचं प्रमाण घटलं. इंग्रजीचे गुण थोडे कमी झाले, एवढंच. ज्यांच्या आईबापांना 'ती मुलं' वर्गात नको होती, त्यांच्याच पोटच्या पोरांचा फायदा झाला. अमेरिकेच्या सगळ्या वादात हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही, कारण त्यांच्या योजनेत तो बाकच नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी अशी एखादी योजना जाहीर होईल, तेव्हा 'गरिबांसाठी' या शब्दावर थांबू नका. उत्पन्नाची अट आहे का, आणि ती उठवण्याचा अधिकार कोणाला आहे? मूल निवडतं कोण, चिठ्ठी की शाळा? पैसा वेळेवर येतो का? आणि ज्याची चिठ्ठी निघाली नाही, त्याच्या शाळेच्या गळक्या छपराचं काय? या चार प्रश्नांची उत्तरं जिथे नाहीत, तिथे गरिबाचं नाव फक्त निमंत्रणपत्रिकेवर असतं.

पाचवा प्रश्न आपला खास आहे. वॉशिंग्टनची शिष्यवृत्ती बारावीपर्यंत चालते, आणि तिचा सर्वांत ठळक, मोजून सिद्ध झालेला फायदा मुलं बारावी पूर्ण करतात हाच आहे. आपला कायदा आठवीला संपतो. आठ वर्षं त्याच बाकावर बसलेल्या मुलाच्या हातात नववीच्या जूनमध्ये पूर्ण फीचं चलन पडतं. ते भरण्याइतकं त्याच्या बापाचं उत्पन्न असतं, तर पहिलीच्या वेळी त्याला तहसीलदाराचा दाखलाच मिळाला नसता.